पाळणा लांबवायचा, पण बाईला आधी सगळे सांगा

सरकारी दवाखान्यात 'अंतरा'चे इंजेक्शन मोफत मिळते, ते घ्यावे की नाही, असे आमच्या वस्तीतील बायका हल्ली वारंवार विचारतात. एकीने घेतले तर तिची पाळीच थांबली. दुसरीच्या अंगावरून कितीतरी दिवस डाग जात राहिले. घाबरून दोघींनीही पुढचे इंजेक्शन घेतले नाही. या औषधाने असे होऊ शकते, हे दोघींनाही कोणी आधी सांगितले नव्हते.

भगिनींनो, पाळी थांबली म्हणजे रक्त पोटात साठते, हा गैरसमज आहे. अंतरामध्ये हार्मोनसारखे औषध असते. त्यामुळे स्त्रीबीज बाहेर पडत नाही आणि गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते. साठायला रक्त तयारच होत नाही. सुरुवातीला डाग, पुढे पाळी बंद, हा या औषधाचा नेहमीचा स्वभाव आहे. मात्र फार रक्त जात असेल तर दवाखाना गाठलाच पाहिजे.

आम्ही कारकुनी पेशाची माणसे, त्यामुळे जमा आणि नावे असे दोन रकाने पाडूनच पाहतो. जमेच्या बाजूला असे, की तीन महिन्यांतून एकदाच सुई. रोजची आठवण नको, घरात गोळ्यांचे पाकीट लपवणे नको. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी अंगावर पाजणारी आईही ते घेऊ शकते. नावे बाजूला पाळीचा गोंधळ, काहींचे वाढणारे वजन, आणि हाडांचा थोडा ठिसूळपणा, जो औषध बंद केल्यावर भरून येतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. पुढच्याच वर्षी मूल हवे असलेल्या सुनेने हे आधी जाणून घ्यावे. सुई घेतलेली जागा चोळू नये, शेकू नये. कार्डावरची तारीख पाळावी.

हे औषध तसे नवे नाही. १९९३ साली आपल्या देशात त्याच्या विक्रीला परवानगी मिळाली, तेव्हा स्त्री संघटनांनी कडाडून विरोध केला. गरीब बायकांना पुरती माहिती न देता सुया टोचल्या जातील आणि नंतर कोणी विचारणार नाही, ही त्यांची भीती होती. २०१७ साली ते सरकारी कार्यक्रमात आले. ती भीती आजही खोटी म्हणता येत नाही, असे आमचे मत आहे. दोष औषधापेक्षा न सांगण्यात जास्त आहे.

दंडात कातडीखाली बसवायची आगपेटीच्या काडीएवढी कांडी ही त्याहून नवी सोय. सरकारने २०२३ च्या सुमारास काही राज्यांतील निवडक जिल्ह्यांत ती सुरू केली. तीन वर्षे काळजी नाही, आणि काढल्यावर दिवस लवकर राहू शकतात. पण हिच्यातही पाळी अनियमित होते, आणि बसवायला व काढायला शिकलेला हात लागतो. बसवताना 'काढायची झाली तर कुठे यायचे?' हे विचारूनच दंड पुढे करावा.

तांबी सर्वांना ठाऊक आहे. तिच्यात हार्मोन नसते, पण काहींना रक्त जास्त जाते, पोटात दुखते. हार्मोनवाली तांबी वेगळी. तिने रक्तस्राव बराच कमी होतो, म्हणून अंगात रक्त कमी असलेल्या बाईला ती बरी. पण खासगी दवाखान्यात तिला काही हजार रुपये मोजावे लागतात. आपल्या घरांत ते कुठून आणायचे?

'माला-एन' रोज घ्यावी लागते. पाळी मात्र नियमित राहते. रक्तदाब असलेल्या, पस्तिशीपुढच्या विडी ओढणाऱ्या आणि सहा महिन्यांच्या आतील बाळाला पाजणाऱ्या बाईने ती घेऊ नये. 'छाया' गोळीत हार्मोन नाही. लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत ती तयार झाली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. काहींची पाळी तिने लांबते. ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी ही अडीअडचणीची आहे, दर महिन्याची नव्हे.

क्षयरोगावर रिफाम्पिसिन चालू असेल तर माला-एन व दंडातील कांडी यांचा परिणाम कमी होतो. अंतराचा होत नाही. आपल्या वस्त्यांत क्षयाचे रुग्ण बरेच, म्हणून डॉक्टरांना चालू असलेली सगळी औषधे दाखवावीत. एड्सपासून संरक्षण यांपैकी कशानेच होत नाही, त्याला निरोधच हवा.

बाबासाहेबांनी तयार केलेला संततिनियमनाचा प्रस्ताव १९३८ साली मुंबई विधिमंडळात त्यांच्या पक्षाचे रोहम यांनी मांडला होता. तो फेटाळला गेला. आज साधने घरापर्यंत आली, पण भार बाईवरच राहिला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३ टक्के आढळली. पुरुषाच्या नसबंदीला पोट उघडावे लागत नाही, हार्मोन लागत नाही, अंगातली ताकदही जात नाही. तीन महिने मात्र निरोध वापरावा आणि मग वीर्य तपासून घ्यावे.