घामाचा हिशेब, लाल मण्याचा इशारा

बारावीनंतर नर्सिंग, फिजिओथेरपी किंवा बी.पी.एड.ला प्रवेश मिळाला की आपल्याकडची पोरं सुटकेचा श्वास टाकतात, "गणित-फिजिक्सचा पिच्छा सुटला एकदाचा!" पहिल्याच सत्रात पुस्तक उघडतं आणि मोल, आंशिक दाब, संभाव्यता ही मंडळी पुन्हा समोर हजर. घाबरू नका. यातलं बरंचसं तुम्ही बल्लारपुरात रोज बघता.

मे महिन्यातलीच दुपार घ्या. चंद्रपूर जिल्ह्यात पारा 48 अंशांपर्यंत चढलेला आपण अनुभवलाय. त्वचेचं तापमान साधारण 35. उष्णता वाहते ती गरमाकडून गाराकडे, म्हणजे अशा दुपारी हवाच आपल्याला तापवत असते. शरीराच्या हाती एकच उपाय उरतो, घाम वाळवणं. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे 2.4 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. 60 किलोच्या माणसाचं अंग एका अंशाने उतरवायला साधारण 210 किलोज्यूल बाहेर काढावे लागतात. करा भागाकार: 87 ग्रॅमच्या आसपास घाम. टपरीवरच्या छोट्या ग्लासातल्या चहाएवढा! अट एवढीच की तो अंगावरच वाळला पाहिजे. थेंब टपकून खाली पडला तर पाणी गेलं, मीठ गेलं आणि गारवाही गेला.

माठ गार होतो तो याच नियमाने, आणि कूलरही. मे महिन्यात खोली थंडगार करणारा कूलर जुलैत नुसती चिकचिक का करतो? हवेत आधीच बाष्प भरलेलं असतं, पाणी वाळायला जागाच नसते. अंगावरच्या घामाचंही तेच होतं. म्हणून पावसाळ्यातल्या दमट दुपारी पारा कमी दिसला तरी सरावाला उतरणाऱ्या खेळाडूने गाफील राहू नये. त्यात स्नायूंचा स्वभाव असा, की खर्च केलेल्या ऊर्जेतली जेमतेम 20 ते 25 टक्के ऊर्जा धावण्याच्या कामी येते, बाकीची उष्णता होऊन अंगातच साठते. भर दुपारी धावणारा मुलगा बाहेरून भाजतो आणि आतूनही. प्रशिक्षकांनी उन्हाळ्यात सराव पहाटेच घ्यावा, यात मला तरी दुसरं मत दिसत नाही.

गेलेलं पाणी भरून काढायला ओआरएसची पुडी. तिच्यावरचे आकडे कधी वाचलेत? एक लिटर पाण्यासाठी ग्लुकोज 13.5 ग्रॅम, मीठ 2.6 ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम. वजनं बघून काही उलगडत नाही, मोलमध्ये बदलली की गंमत कळते. ग्लुकोज 75 मिलिमोल, सोडियमही 75 मिलिमोल. अगदी जोडीला जोडी! आतड्याच्या भिंतीतलं एक प्रथिन सोडियम आणि ग्लुकोज यांना सोबतच आत घेतं आणि त्यांच्यामागून पाणी येतं. चवीसाठी त्यात साखर वाढवली किंवा पाणी कमी घेतलं तर पाणी उलट आतड्याकडे ओढलं जातं. पुडी एक लिटरची असेल तर पाणी लिटरभरच घ्यायचं, ते यासाठी.

दुसऱ्या लेनचं कोडं

विसापूरच्या तालुका क्रीडा संकुलात 2023 च्या डिसेंबरात राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. अशा 400 मीटरच्या ट्रॅकवर प्रत्येक लेनची सुरुवात पुढे सरकवलेली का असते, हे कुणीही सांगेल, बाहेरचं वळण मोठं असतं. पण किती सरकवायची? लेनची रुंदी 1.22 मीटर. 2π ने गुणा, 7.67 मीटर. तिसऱ्या लेनपासून पुढे प्रत्येक लेन मागच्या लेनच्या नेमकी इतकीच पुढे असते. दुसरी लेन मात्र पहिलीच्या 7.04 मीटरच पुढे! कारण पहिली लेन आतल्या उंचवट्यापासून 30 सेंटिमीटरवर मोजतात आणि बाकीच्या आखलेल्या रेषेपासून 20 सेंटिमीटरवर. त्या 10 सेंटिमीटरचा फरक 2π ने गुणला की 63 सेंटिमीटर होतो. 400 मीटरच्या शर्यतीत एवढ्यात पदक इकडचं तिकडे होतं.

विसापूरहून थेट एव्हरेस्ट

मे 2018 मध्ये 'मिशन शौर्य'मधून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केलं. मला आजही त्या बातमीचा अभिमान वाटतो. तिथल्या हवेत ऑक्सिजन किती टक्के? बल्लारपुरात आहे तितकाच, 21 टक्के. बदलतो तो दाब. समुद्रसपाटीला हवेचा दाब 760 मिलिमीटर पारा, त्यात ऑक्सिजनचा वाटा 159. शिखरावर एकूण दाबच साधारण 253 आणि ऑक्सिजनचा वाटा फक्त 53. डाल्टनचा नियम म्हणतात तो हाच. त्या उंचीवर पाणीसुद्धा 70 अंशांच्या आसपास उकळायला लागतं, डाळ शिजायची आशा सोडा.

ऑक्सिजन कमी पडला की काय होतं, हे गडचिरोलीतल्या कितीतरी घरांना डोंगर न चढताही ठाऊक आहे. सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं असतात. त्यातलं सहावं, ग्लुटामिक आम्ल, बदलून तिथे व्हॅलिन येतं. एवढाच फरक, पण ऑक्सिजन सुटताच असे रेणू एकमेकांना चिकटतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. नेहमीची पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही 10 ते 20 दिवस. तपासणी शिबिरात परीक्षानळीत रक्ताचा थेंब टाकतात, तिथेही रसायनशास्त्रच. सोडियम डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं, द्रावण गढूळ झालं की संशय घ्यायचा आणि पक्कं निदान इलेक्ट्रोफोरेसिसने करायचं. 

आणि इथे गणित जिवाशी येतं. आई-बाबा दोघंही वाहक असतील तर बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. "पहिल्याला आहे, म्हणजे पुढच्या तिघांना नाही" असा हिशेब काही घरांत मांडला जातो. तो साफ चुकीचा आहे. प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता नव्याने चारात एक असते. हे समजावून सांगणारी नर्स एखाद्या औषधाइतकीच मोलाची.

जाता जाता कागद. 1945 साली स्थापन झालेल्या कंपनीने बल्लारपूरचं नाव कागदाशी कायमचं जोडलं. बांबूतलं सेल्युलोज आणि भातातलं स्टार्च दोन्ही ग्लुकोजच्याच माळा, मणी जोडायची तऱ्हा तेवढी वेगळी. आपल्या पोटातल्या विकरांना सेल्युलोजची माळ उकलत नाही, म्हणून वही पचत नाही. पावसाळ्यात बांबूचे कोंब, आपले वास्ते, मात्र आवडीने खातो. कच्च्या कोंबातून सायनाइड सुटतं. कोंब उकळून पाणी फेकून द्यायची घरची रीत रसायनशास्त्राला धरूनच आहे.

दहापर्यंत मोजता आलं की पुरे

सगळ्यात आवडतं उदाहरण शेवटी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेपुढे प्रश्न होता की अक्षरओळख नसलेल्या दाईने बाळाचा न्यूमोनिया ओळखायचा कसा? दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला 60 किंवा अधिक श्वास घेत असेल तर धोका. पण साठपर्यंत मोजायचं कुणी? त्यांनी मणी ओवलेली साधी पाटी केली आणि जोडीला एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ दिलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला की न्यूमोनियाची शंका. थोड्या मोठ्या बाळासाठी वेगळी ओळ, 50 ची.

तुमच्या घरात, शेजारी दोन महिन्यांच्या आतलं तान्हं बाळ असेल तर ते शांत असताना पोटाची हालचाल बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. 60 किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजा. तरीही तितकेच आले तर वाट बघू नका, बाळाला लगेच दवाखान्यात न्या.