खतावणीवाले बाबू कुठे गेले?

बँकेत तुम्ही गेला असाल. आज खिडकीपलीकडे एक माणूस बसतो. त्याच्या पुढ्यात संगणक असतो. तो चार बटणं दाबतो, तुमची शिल्लक पडद्यावर येते आणि तोच माणूस तुमच्या हातात नोटा ठेवतो.

पूर्वी असे नव्हते. आमच्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांना ते दिवस चांगले आठवतात. पैसे काढायची चिठ्ठी एका बाबूला द्यायची. तो पितळेचा बिल्ला देई. मग भलीमोठी खतावणी उघडून तुमचे पान काढी, रक्कम वजा करी, शिल्लक मांडी. तिथून चिठ्ठी साहेबांकडे. साहेब तुमची सही नमुन्याशी ताडून पाहत. मग रोखपाल. त्याने बिल्ल्याचा आकडा पुकारला की पैसे! तोवर आपण बाकावर बसायचं.

संध्याकाळी दार बंद झाले तरी बाबूंची सुटका नसे. दिवसभराच्या नोंदींचा ताळा लागला पाहिजे. एका रुपयाचा फरक पडला, तर तो सापडेपर्यंत सगळे बसून.

व्याजाचे काम त्याहून किचकट. रोजच्या शिलकीवर व्याज हाताने काढणार कोण? म्हणून महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचे व्याज मिळे. समजा, तुमचे 10,000 रुपये होते आणि 20 तारखेला तुम्ही 9,000 काढले. तर व्याज फक्त 1,000 वर! वीस दिवस पैसे बँकेत होते, त्याचं काही नाही. संगणक आले तेव्हा हे बदलले. 1 एप्रिल 2010 पासून व्याज रोजच्या शिलकीवर धरतात. हा फायदा आपल्या खिशातला आहे.

पण बाबूंचे काय? यंत्र आले की आपली भाकरी जाणार, अशी त्यांना धास्ती होती. ती अगदीच खोटी नव्हती. 1983 साली बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला. यंत्रे आणायची, पण मर्यादेत, असे ठरले. पुढे मर्यादा वाढत गेली. मग शाखा एकमेकींना जोडल्या गेल्या, आणि एका गावच्या खात्यातले पैसे दुसऱ्या गावी मिळू लागले. 2000 सालच्या सुमारास सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली. सुमारे एक लाख माणसे घरी गेली. काही खुशीने गेली, काही मनात नसताना.

इकडे नवीन कामही निघाले. 2006 साली रिझर्व्ह बँकेने बँकांना गावोगाव प्रतिनिधी नेमायची परवानगी दिली. हेच आपले बँकमित्र. किराणा दुकानात बसून, हातातल्या यंत्रावर ते पैसे देतात.

आमच्या वर्गातल्या एक आजी अशाच दुकानात गेल्या. बँकमित्र म्हणाला, "आजी, अंगठा ठेवा."

आजी रागावल्या. "दोन वर्षं खपून सही शिकले, आणि परत अंगठाच का रे?"

आम्ही त्यांना समजावले. पूर्वीचा अंगठा म्हणजे लिहिता येत नाही, एवढेच. हे यंत्र बोटावरच्या रेषा आधारच्या नोंदीशी ताडून पाहते. साहेब सही ताडत, तेच काम. पण आजींच्या रेषा खुरपून खुरपून झिजलेल्या. यंत्राने दोनदा नकार दिला. असे झाले तर शाखेत जावे. तिथे पासबुक आणि सही चालते.

तिसऱ्यांदा मात्र जमलं. बँकमित्राने नोटा पुढे केल्या.

"आधी पावती दे," आजी म्हणाल्या. चष्मा लावून त्यांनी रकमेचा आकडा वाचला. पावतीवर 500, हातातही 500. दोनदा नकार आला, तेव्हा पैसे कापले गेले नाहीत ना, म्हणून खालची शिल्लकही वाचली. मगच नोटा कनवटीला लावल्या.