पावसाळ्यात कोकण रेल्वे हळू का? टॅब्लेटवर चालवून पाहा!

रत्नागिरी, प्रतिनिधी - पावसाळी वेळापत्रक लागू झाले, की कोकणात येणाऱ्या मुंबईकरांची एक तक्रार हमखास ऐकू येते : गाडी एवढी रेंगाळते का? या प्रश्नाचे उत्तर आता घरबसल्या, स्वतःच्या हाताने शोधता येते. टॅब्लेटवर रेल्वेमार्ग बांधण्याची आणि त्यावर गाडी चालविण्याची सोय देणारी 'सिम्युलेटर' अॅप्स हे त्याचे साधन आहे.

अशा खेळांपैकी 'ट्रेन्झ' हा २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातील ऑरन कंपनीने संगणकासाठी आणला. पुढे तो टॅब्लेटवरही आला. त्याचे मुख्य भाग दोन. 'सर्व्हेअर'मध्ये जमीन उंच-सखल करून रूळ, पूल, बोगदे व सिग्नल मांडायचे. 'ड्रायव्हर'मध्ये त्याच मार्गावर गाडी हाकायची. जमीन ७२० मीटर लांबी-रुंदीच्या चौरसांत मिळते.

आधी मार्ग, मग गाडी

रत्नागिरीचा परिसर या पडद्यावर उभारायला घेतला, की पहिली अडचण चढाची येते. कोकण रेल्वेची आखणी १५० मीटर अंतरात जास्तीत जास्त एक मीटर चढ, या मर्यादेत झाली आहे. रत्नागिरी-निवसरदरम्यानचा पानवलचा पूल ६४ मीटर उंच आहे. पूल न बांधता रूळ दरीच्या तळाशी न्यायचे ठरविले, तर या उतारासाठी सुमारे साडेनऊ किलोमीटर आणि पुन्हा वर येण्यासाठी तेवढेच अंतर लागेल. ४२४ मीटर लांबीच्या पुलाने हा वळसा वाचविला.

उक्षी आणि भोके या स्थानकांदरम्यानच्या करबुडे बोगद्याचेही तेच. साडेसहा किलोमीटरचा हा बोगदा खेळातील सुमारे नऊ चौरस व्यापेल. २०१३ मध्ये काश्मीरमधील पीर पंजाल बोगदा सुरू होईपर्यंत तो देशातील सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता. खेळात त्याला काही मिनिटे पुरतात. प्रत्यक्षात सह्याद्रीच्या खडकातून वाट काढावी लागली.

थांबणे हेच कौशल्य

गाडी चालवायला बसल्यावर दुसरा धडा मिळतो. वेग वाढविणे सोपे, थांबविणे कठीण. गाडीभर फिरणाऱ्या ब्रेकच्या नळीतील हवेचा दाब कमी केला, की ब्रेक लागतात. परंतु शेकडो टनांची गाडी जागच्या जागी थांबत नाही. नवखा खेळाडू पहिल्या स्थानकाचा फलाट हमखास ओलांडून जातो.

ताशी १०० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर पुढे जाते, ताशी ४० किलोमीटर वेगात ११ मीटर. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने वेग १०० वरून ४० वर आणला, की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सहापटींहून अधिक घटते. थांबण्याचे अंतरही त्याच मानाने आखडते. मुसळधार पावसात पुढचे दिसेनासे झाल्यास गाडी ताशी ४० किलोमीटर वेगानेच चालवावी, अशी कोकण रेल्वेची सूचना असते, ती यासाठीच.

खेळात नसलेली दरड

या सूचनेमागे कटू अनुभव आहे. २२ जून २००३ रोजी रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर कारवार-मुंबई विशेष गाडी आदळली आणि ५० हून अधिक प्रवाशांचा बळी गेला. पुढच्याच वर्षी जूनमध्ये रायगड जिल्ह्यात मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. त्यानंतर डोंगरउतारांवर जाळ्या बसविणे, कटिंगचा उतार सौम्य करणे, पावसाळी गस्त अशा उपायांवर भर देण्यात आला. पानवलच्या पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र आहे, तर रत्नागिरीसह काही स्थानकांवर पर्जन्यमापक आहेत. पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर असणारे पावसाळी वेळापत्रक २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर असे आटोपशीर करण्यात आले.

पडद्यावरचा डोंगर पावसात ढासळत नाही, आणि गाडी घसरली तर खेळ पुन्हा सुरू करता येतो. प्रत्यक्षातील लोको पायलटला ती मुभा नाही. म्हणूनच पुढच्या पावसाळ्यात बोगद्याच्या तोंडाशी गाडी मंदावली, तर घड्याळाकडे पाहण्याआधी पडद्यावर ओलांडलेला तो फलाट आठवावा.