गंगापूरच्या मे महिन्यात वितळणारे धातू

मे महिन्यात गंगापूरला पारा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हात दोन धातू चक्क पातळ होतील: सीझियम आणि रुबिडियम. पहिला वितळतो २८.५ अंशांना, दुसरा ३९.३ अंशांना. लोखंडाला त्यासाठी १,५३८ अंश लागतात! काचेच्या बंद नळीतलं सीझियम नुसतं मुठीत धरलं तरी हाताच्या उबेने वितळतं. दिसतं फिकट सोन्यासारखं. नळी फुटली तर मात्र हवेतच पेट घेतं.

लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम, फ्रान्सियम हे अल्क धातूंचं घराणं. प्रत्येकाच्या सगळ्यात बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, आणि तो देऊन टाकायची सगळ्यांनाच घाई. अणू जितका मोठा तितका हा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब, म्हणून तितक्याच सहज सुटतो. लिथियम पाण्यात नुसतं फसफसतं, पोटॅशियम जांभळट ज्वाळेने पेटतं आणि सीझियमचा थेट स्फोट होतो.

सोडियमची खरी ओळख शाळेच्या प्रयोगशाळेत होते. ते रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेलं असतं. साध्या सुरीने पेढ्यासारखं कापलं जातं. कापलेली बाजू आरशासारखी चमकते आणि बघता बघता काळवंडते. बारीक तुकडा पाण्यात टाकला की बुडत नाही. वितळून गोळी होतो आणि सूं सूं करत पृष्ठभागावर पळत सुटतो. पाण्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब असतील तर त्याच्या मागे गुलाबी रेघ उमटते. लिथियम तर इतकं हलकं, की ते रॉकेलवरसुद्धा तरंगतं!

पाण्यात या धातूंचा स्फोट का होतो? पाण्यातून सुटलेला हायड्रोजन पेटतो म्हणून, असं सगळे शिकलो. २०१५ मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्याने त्याआधीची गोष्ट दाखवली. पाण्याला टेकताच धातूच्या थेंबातून इलेक्ट्रॉन निसटतात, मागे उरलेले धनभारित अणू एकमेकांना ढकलतात आणि एक मिलिसेकंद व्हायच्या आत थेंबाला चहूबाजूंनी काटे फुटतात.

असे हे धातू निसर्गात सुटे कधीच सापडत नाहीत. पण गंगापूरच्या बाजारात एक चक्कर मारा. किराणा दुकानात मीठ, खायचा सोडा, पापडखार, म्हणजे सोडियम. दाढीनंतर गालावर फिरणाऱ्या तुरटीत पोटॅशियम. खिशातल्या मोबाइलच्या बॅटरीत लिथियम. त्या मोबाइलवरच्या वेळेचं मूळ सीझियममध्ये: १९६७ पासून एक सेकंद म्हणजे सीझियम अणूची ९,१९,२६,३१,७७० स्पंदनं. आणि खताच्या दुकानात उसासाठी, कपाशीसाठी पोटॅशच्या गोण्या. पोटॅश म्हणजे मुळात राखेचं पाणी भांड्यात आटवून मिळालेला क्षार. चुलीच्या राखेने भांडी लख्ख निघायची, तीही त्याच्याच जोरावर. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्हीने वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडली, चकाकत्या गोळ्या बाहेर पडून पेटल्या आणि अठ्ठावीस वर्षांचा हा शास्त्रज्ञ आनंदाने खोलीभर नाचला. काहीच दिवसांत त्याने सोडियमही मिळवलं.

मराठी मुलखात सोडियमचं सगळ्यात देखणं घर म्हणजे बुलढाण्याचं लोणार. उल्केच्या आघाताने पडलेल्या विवरातलं हे पाणी सोड्याच्या क्षारांनी भरलेलं आहे. काच आणि साबण करायला लागणारं सगळं इथे मिळतं, अशी नोंद ‘ऐन-ए-अकबरी’तही आहे. जून २०२० मध्ये मीठप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे तळं गुलाबी झालं होतं.

हेच सोडियम काळ्या मातीत साठलं की शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतं. वारेमाप पाणी दिलं, निचरा नसला, की क्षार साचतात. सोडियम मातीच्या कणांना चिकटून कॅल्शियमला हुसकावतं, कण सुटे होतात, छिद्रं बुजतात. ओली असताना माती चिखल होऊन पायाला चिकटते, वाळली की दगड. हीच चोपण जमीन. तिच्यावर उतारा जिप्समचा: त्यातलं कॅल्शियम सोडियमला बाहेर काढतं आणि चांगल्या निचऱ्याच्या पाण्याबरोबर ते वाहून जातं. निचरा नसेल तर कितीही जिप्सम टाकलं तरी ते वाया जातं.

तुमच्या वावरात पाणी मुरत नसेल, तर पावसाळ्याआधी मातीचा नमुना तपासून घ्या. सामू ८.५ च्या वर आणि मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम १५ टक्क्यांच्या वर निघालं, तर आधी चर काढा, मगच जिप्सम आणा.