बालके व कुत्री यांची जुनी स्टुडिओ-छायाचित्रे : संग्रहपद्धतीचा एक प्रश्न

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप व अमेरिकेतील स्टुडिओंत मुलाशेजारी कुत्रे बसवून काढलेली छायाचित्रे आज हौसेने जमविली जातात. विषयाच्या गोडव्यामुळे त्यांचे साधन म्हणून असलेले मोल मात्र झाकले जाते. ते मोल कशात आहे आणि संग्राहकाच्याच हातून ते कसे नाहीसे होते, एवढेच प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

चित्राचा काल प्रथम त्याच्या घडणीवरून अजमावता येतो. १८३९ साली जाहीर झालेल्या डॅगेरोटाइपचा पत्रा तांब्याचा असून त्यावर चांदीचा मुलामा असतो. १८५६ पासून प्रचारात आलेल्या टिनटाइपचा पत्रा लोखंडी असल्यामुळे लोहचुंबक त्याला चिकटतो. दिस्देरी याने १८५४ साली पॅरिस येथे जिचे पेटंट घेतले, ती कार्त-द-व्हिजित म्हणजे भेटकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर डकविलेली कागदी प्रत होय. अमेरिकेत यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६४ च्या सप्टेंबरपासून १८६६ च्या ऑगस्टपर्यंत छायाचित्रांवर कर होता. म्हणून ज्याच्या पाठीवर महसुली तिकीट आहे, ते चित्र त्या सुमारास विकले गेले असे समजावे.

दुसरा पुरावा कुत्र्याचाच. ओल्या कलोडियनच्या काचेवर चित्र उमटण्यास पुष्कळदा काही सेकंद लागत. मुलाचे डोके मागील लोखंडी टेकूने स्थिर ठेवता येई. कुत्र्याच्या शेपटीस असा टेकू नव्हता. म्हणून मूल रेखीव व शेपटी पुसट, असे दृश्य आढळते. तो दोष मानून चित्र टाकून देणे योग्य नव्हे. ती त्या तंत्राची खूण होय. १८८० च्या सुमारास जिलेटिनच्या कोरड्या काचा रूढ झाल्यावर हा अवधी पुष्कळ घटला.

परंतु कुत्रे घरचे की स्टुडिओतले, या सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर सुट्या चित्रातून क्वचितच मिळते. एकाच कुटुंबाच्या आल्बममध्ये तेच कुत्रे वाढत्या मुलांसोबत पुन्हा दिसले, तर ते घरचे. एकाच स्टुडिओच्या चित्रांत ते निरनिराळ्या मुलांशेजारी दिसले, तर स्टुडिओतले असण्याचा संभव अधिक. कुत्र्याचे चित्र तेवढे काढून आल्बम मोडला, की हा पुरावा मोडतो. पानावर लिहिलेले मुलाचे नावही मागे राहते. अशा रीतीने चित्र वाचते, मूल मात्र अनामिक होते.

म्हणून चित्र आल्बममधून काढण्यापूर्वी पानांचा क्रम, पाठीवरील छाप व हस्तलिखित नोंदी उतरवून घेणे हे संग्राहकाचे पहिले कर्तव्य होय.