चाकांवरचे बिऱ्हाड : आवश्यक साधनांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत ‘रिक्रिएशनल व्हेइकल’ अर्थात आरव्ही या नावाखाली दोन जातींची वाहने येतात : स्वतःच्या इंजिनावर चालणारे मोटारहोम, आणि दुसऱ्या गाडीने ओढून न्यावयाचे घर, ज्यात गाडीच्या मागील आकड्याला जोडला जाणारा ट्रॅव्हल ट्रेलर आणि पिकअप ट्रकच्या हौद्यातील जोडणीवर आपला पुढचा भार टेकवणारे ‘फिफ्थ व्हील’ हे दोन प्रमुख प्रकार होत. पक्के घर सोडून बाराही महिने अशा वाहनात राहणाऱ्यांना तेथे ‘फुल-टायमर’ म्हणतात. त्यांच्यासाठी तयार होणाऱ्या साधनांच्या याद्यांत घडीच्या खुर्च्या, रंगीत दिव्यांच्या माळा आणि सुटसुटीत शेगड्या यांची रेलचेल असते, आणि त्यामुळे आवश्यक साधने म्हणजे सुखसोयींची खरेदी असा समज सहज रूढ होतो. पक्क्या घरात मात्र विजेचा दाब, पाण्याचा दाब, मैल्याची वाट आणि पायाची मजबुती या गोष्टींची काळजी वीज कंपनी, नगरपालिका आणि बांधकाम करणारे यांनी आधीच वाहिलेली असते. चाकांवरच्या घरात ती सारी राहणाऱ्याच्या अंगावर येते, आणि म्हणून येथे सर्वांत आवश्यक ठरतात ती मोजणारी, रोखणारी आणि इशारा देणारी उपकरणे.

वाहन नवे असले की राहण्यासाठी लागणारे सर्व काही त्यात असतेच, हा सर्वांत मुळाशी असलेला गैरसमज होय. अमेरिकेच्या गृहनिर्माण व नगरविकास विभागाने २०१८ साली काढलेल्या अंतिम नियमात आरव्हीची व्याख्याच अशी केलेली आहे की ही वास्तू केवळ विरंगुळ्याच्या वापरासाठी आखलेली असून मुख्य निवासस्थान किंवा कायमची वस्ती म्हणून आखलेली नाही. दाराजवळ दिसणारा उत्पादक-संघटनेचा शिक्काही पुष्कळांना दर्जाची हमी वाटतो, परंतु तो वीज, गॅस, नळकाम आणि अग्निसुरक्षा यांविषयीच्या ठरावीक संहितांचे पालन झाल्याचे सांगतो; छप्पर किती वर्षे टिकेल किंवा कपाटाचे बिजागर किती वेळा उघडझाप सोसेल, याविषयी तो मौन बाळगतो. अनेक उत्पादकांच्या हमीपत्रांत कायमच्या निवासासाठी वापर झाल्यास हमी लागू राहणार नाही असे कलम असते, आणि सर्वसाधारण विमाही अधूनमधूनच्या वापराचे गृहीत धरून दिलेला असतो. तेव्हा पूर्णवेळ वापराचा वेगळा विमा हे पहिले साधन म्हणावे लागेल, मग ते हातात धरता येत नसले तरी.

विजेच्या बाबतीत गैरसमज सर्वाधिक आहेत आणि त्यांची किंमतही मोठी आहे. अमेरिकेत आरव्हींच्या मुक्कामासाठी असलेल्या तळांवर प्रत्येक जागेपाशी विजेचा एक खांब असतो आणि त्यावर ३० किंवा ५० अँपिअरची जोडणी मिळते. ५० अँपिअर म्हणजे ३० च्या दीडपटीहून थोडी अधिक वीज, असे आकड्यांवरून वाटते. प्रत्यक्षात ३० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टची एकच जिवंत तार असते, म्हणजे जास्तीत जास्त ३,६०० वॉट. ५० अँपिअरच्या जोडणीत मात्र १२० व्होल्टच्या दोन स्वतंत्र जिवंत तारा असतात आणि प्रत्येकीवर ५० अँपिअर घेता येत असल्याने एकूण क्षमता १२,००० वॉटपर्यंत, अर्थात तिपटीहून अधिक होते. यातूनच दुसरी गफलत होते : ५० अँपिअरच्या गाडीचा प्लग ३० च्या खांबात बसवून देणारा जोडतुकडा घेतला की काम भागले असे मानले जाते, पण तो तुकडा केवळ आकार जुळवतो आणि गाडीला मिळते ती ३,६०० वॉटच. दोन वातानुकूलक एकदम लावले की खांबावरचा ब्रेकर पडतो, तो याच कारणाने.

‘सर्ज प्रोटेक्टर’ लावला की वीज सुरक्षित झाली, ही समजूत त्याहून घातक आहे. सर्ज म्हणजे वीज कोसळल्याने किंवा वाहिनीतील बिघाडाने आलेली दाबाची क्षणिक उसळी, आणि साधे उपकरण तेवढीच शोषून घेते. तळांवरील नेहमीचे दुखणे याच्या उलट, म्हणजे कमी दाबाचे असते, कारण कडक उन्हाळ्याच्या दुपारी शेकडो वातानुकूलक एकाच जुन्या वाहिनीवर चालू होतात, दाब खाली येतो, तेवढेच काम करण्यासाठी कॉम्प्रेसरची मोटर अधिक प्रवाह ओढते आणि हळूहळू तापून निकामी होते. आणखी गंभीर दोष तुटलेल्या न्यूट्रलचा. न्यूट्रल ही प्रवाहाची परतीची तार असून ५० अँपिअरच्या जोडणीत ती तुटली तर दोन्ही जिवंत तारांवरील उपकरणे एकापाठोपाठ एक अशी २४० व्होल्टवर जोडली जातात, आणि कोणाच्या वाट्याला किती दाब येईल हे त्या क्षणी काय काय चालू आहे यावर ठरते. काही उपकरणे क्षणभरात जळतात. हे सारे दोष पाहून वीज आपोआप तोडणाऱ्या यंत्रणेला ‘इलेक्ट्रिकल मॅनेजमेंट सिस्टिम’ म्हणतात. ती साधारणपणे १०४ व्होल्टच्या खाली आणि १३२ व्होल्टच्या वर जोडणी तोडते, उलटसुलट जोडलेल्या तारा व नसलेले अर्थिंगही ओळखते, आणि साध्या सर्ज प्रोटेक्टरच्या कित्येक पट महाग असली तरी तिच्यावरचा खर्च अनाठायी म्हणता येणार नाही.

सौर पत्रे बसवले की विजेच्या खांबाची गरजच उरत नाही, ही कल्पना मोहक आहे. अॅरिझोनातील क्वार्ट्झसाइटच्या परिसरात हिवाळ्यात हजारो फुल-टायमर संघराज्याच्या जमिनीवर मुक्काम करतात आणि बहुतेकांच्या छपरांवर हे पत्रे दिसतात, त्यामुळे ती खरीही वाटते. हिशेब मात्र वेगळे सांगतो. ४०० वॉटचे सपाट बसवलेले पत्रे स्वच्छ उन्हाळी दिवसात दीड ते दोन युनिट वीज देतात, आणि १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची एक लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असताना जेमतेम सव्वा युनिट साठवते. छपरावरचा १३,५०० बीटीयूचा वातानुकूलक चालताना सुमारे दीड हजार वॉट घेतो, म्हणजे एक बॅटरी तो तासभरही पुरवत नाही. क्वार्ट्झसाइटचे रहिवासी पत्र्यांवर सुखाने राहतात, कारण ते हिवाळ्यात तेथे असतात आणि उन्हाळा लागताच उंच, थंड प्रदेशाकडे निघून जातात. बॅटरी निवडतानाही अर्धी माहिती नडते : शिसे-आम्लाच्या बॅटरीतील साठ्यापैकी निम्माच वापरावा, नाहीतर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, हे बहुतेकांना ठाऊक असते, परंतु जवळजवळ पूर्ण साठा वापरू देणारी लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी शून्य अंश सेल्सिअसच्या खाली चार्ज केल्यास तिच्या आतील विद्युताग्रावर लिथियमचा थर बसून ती कायमची बिघडते, हे कमी जणांना माहीत असते. थंड प्रदेशात राहणाऱ्याने अंगभूत तापक असलेली किंवा गोठणबिंदूखाली चार्जिंग रोखणारी बॅटरीच घ्यावी.

पाण्याच्या जोडणीत दाबनियंत्रक ही लहानशी पितळी वस्तू सर्वांत दुर्लक्षित राहते. तळाच्या नळाला पाण्याचा दाब जास्त असणे लोकांना भाग्याचे वाटते, पण काही ठिकाणी तो दर चौरस इंचाला १०० पौंडांच्या वर जातो, आणि गाडीतील बारीक नळ्यांना व जोडांना तो ४० ते ६० च्या दरम्यान ठेवणे हिताचे असते; रात्री सुटलेला एक जोड लाकडी तळजमीन कुजवून टाकतो. बागेची साधी नळी पिण्याच्या पाण्याला चालते हाही भ्रम आहे, कारण तशा नळ्यांतून व त्यांच्या पितळी टोकांतून शिसे आणि प्लॅस्टिक मऊ करणारी रसायने पाण्यात उतरू शकतात. पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित केलेली वेगळी नळी घ्यावी लागते. कार्बनच्या गाळणीमुळे पाणी निर्जंतुक होते असे समजणारे तर उलट्या दिशेने चूक करतात. ती गाळणी क्लोरीन काढून घेते, म्हणजे चव सुधारते आणि त्याच वेळी टाकीत साठलेल्या पाण्याला जंतूंपासून असलेले संरक्षणही जाते; म्हणून टाकी ठरावीक काळाने सौम्य ब्लीचच्या पाण्याने धुणे हे गाळणीइतकेच महत्त्वाचे.

मैल्याचा विषय सभ्यपणामुळे टाळला जातो, आणि म्हणूनच त्याविषयीचे अज्ञान टिकून राहते. आरव्हीत तीन टाक्या असतात : स्वच्छ पाण्याची, आंघोळ व भांड्यांच्या सांडपाण्याची आणि शौचालयाच्या मैल्याची. तळावर गटाराची जोडणी मिळाली की मैल्याच्या टाकीची झडप उघडी ठेवावी, म्हणजे सारे आपोआप वाहून जाईल, असे नव्या रहिवाशाला वाटते. होते असे की द्रव भाग लगेच निघून जातो, घन भाग टाकीच्या तळाशी साचत, वाळत जातो आणि काही आठवड्यांत त्याचा घट्ट ढीग होऊन टाकी जवळजवळ निरुपयोगी ठरते. झडप बंदच ठेवावी, भरपूर पाणी सोडावे, टाकी दोन-तृतीयांश भरल्यावर आधी मैला व मग सांडपाणी सोडावे, म्हणजे दुसऱ्याने नळीही धुतली जाते. येथे खरी साधने म्हणजे जाड, न गळणारी नळी, तिला उतार देणारा आधार, रबरी हातमोजे आणि या कामापुरतीच राखून ठेवलेली, पिण्याच्या नळीपासून वेगळ्या रंगाची धुण्याची नळी. दुर्गंधी घालवणारी महागडी रसायने दुय्यम आहेत. त्यांपैकी फॉर्मॅल्डिहाइड असलेली तर तळाच्या सेप्टिक टाकीतील उपकारक जिवाणूच मारतात.

गॅसविषयी मराठी वाचकाला घरच्या सिलिंडरचा अनुभव असतो, परंतु तो येथे पूर्णपणे लागू पडत नाही. भारतातील घरगुती सिलिंडरमध्ये ब्यूटेन व प्रोपेन यांचे मिश्रण असते, तर आरव्हीत प्रामुख्याने प्रोपेन, जे उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होऊ शकते आणि म्हणून कडाक्याच्या थंडीतही पेटते. दोन्ही वायू हवेहून जड असल्याने गळती जमिनीलगत साचते, आणि त्यामुळे गॅसचा इशारादर्शक जमिनीलगतच बसवलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र वास नसतो, तो हवेत सर्वत्र मिसळतो, आणि शेजाऱ्याच्या जनरेटरमधूनही खिडकीवाटे आत येऊ शकतो. त्यासाठी झोपण्याच्या जागेपाशी वेगळा इशारादर्शक लागतो. बटण दाबले की आवाज येतो, तेव्हा तो चालू आहे, ही समजूत जिवावर बेतणारी आहे, कारण बटण फक्त भोंगा तपासते आणि आतील संवेदक काही वर्षांत निकामी होतो. पाठीवर छापलेली मुदत संपताच तो बदलावा. या एका बाबतीत काटकसर अक्षम्य आहे.

धुराडे नसलेला गॅसचा हीटर स्वस्त व कार्यक्षम म्हणून सुचवला जातो. पण एक किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते, म्हणजे २० पौंडांचा एक सिलिंडर संपेपर्यंत चौदा-पंधरा लिटर पाणी त्या चिमुकल्या खोलीच्या हवेत मिसळते, थंड भिंतींवर साकळते आणि गादीखाली बुरशी धरते. गाडीत मूळचा बसवलेला हीटर ज्वलनाचा धूर व वाफ बाहेर सोडतो, म्हणून ऊब त्याच्याकडून घ्यावी आणि आर्द्रतामापक व ओलावा शोषणारे यंत्र जवळ बाळगावे. गाड्या विकताना वापरल्या जाणाऱ्या ‘चारही ऋतूंसाठी’ या शब्दांना कोणतीही एकच अधिकृत व्याख्या नाही, हेही या संदर्भात लक्षात ठेवावे लागते.

गाडी समतल उभी करण्याचे ठोकळे आणि पातळी दाखवणारा बुडबुड्याचा मापक ही केवळ झोप नीट लागावी यासाठीची साधने मानली जातात. पण त्यांच्यावर फ्रिजही अवलंबून असतो : गॅसवर चालणाऱ्या शोषण-प्रकारच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. उष्णतेने अमोनिया व पाण्याचे द्रावण उकळून ते गुरुत्वाकर्षणाच्या बळावर नळ्यांतून परत येते, आणि गाडी फार कललेली राहिली तर द्रावण अडून नळ्या कायमच्या चोंदतात. नव्या गाड्यांतील कॉम्प्रेसरच्या फ्रिजला हे बंधन नाही. घराखालचे स्थिरक, म्हणजे डगमग थांबवणारे टेकू, मात्र गाडी उचलण्यासाठी नसतात, आणि चाकांना आडण लावल्याशिवाय गाडी ओढणाऱ्या वाहनापासून कधीही सोडू नये.

या सगळ्या साधनांच्या खरेदीला ज्याची मर्यादा पडते ते वजन. ट्रक १२,००० पौंड ओढू शकतो असे जाहिरातीत वाचून तितक्या वजनाचे फिफ्थ व्हील घेणाऱ्यांना हे कळत नाही की त्या घराचा १५ ते २५ टक्के भार ट्रकच्या हौद्यावर येतो, म्हणजे २,४०० पौंडांच्या आसपास, आणि लहान वर्गातील पुष्कळ ट्रकांची भारवाहक क्षमता त्याहून कमी असते. दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर सामानाची कमाल मर्यादा लिहिलेली असते, पण भरलेल्या टाकीतले पाणीही तिच्यातूनच वजा करावे लागते : ६० गॅलन पाणी म्हणजे सुमारे ५०० पौंड. पुस्तके, हत्यारे, जादा बॅटऱ्या यांनी ही मर्यादा केव्हा ओलांडली ते डोळ्यांना दिसत नाही. महामार्गावरील ट्रक-थांब्यांवर असणाऱ्या वजनकाट्यावर संपूर्ण संसारासह गाडी उभी करणे हाच त्यावर उपाय. टायरच्या बाबतीत नक्षी खोल आहे म्हणून तो चांगला, हे गृहीतही फसवे आहे, कारण उभ्या गाडीचे टायर ऊन आणि ओझोन यांनी म्हातारे होतात. बाजूच्या संकेतातील शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगतात, आणि पाच ते सात वर्षांनंतर ते बदलणेच योग्य.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखल्यापासून अमेरिकी याद्या येथेही वाचल्या जाऊ लागल्या असतील तर एक भेद ध्यानात घ्यावा लागेल. बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा भाग दोन्हीकडे सारखाच. पण १२० व्होल्टवर बेतलेली संरक्षक यंत्रणा येथील २३० व्होल्टला निरुपयोगी, आणि सिलिंडरची झडप व रेग्युलेटरही वेगळ्या घडणीचे. मात्र आपल्याकडील गीझरसाठी भिंतीत बसवलेला १६ अँपिअरचा साधा सॉकेट ३,६८० वॉट देतो, म्हणजे अमेरिकी तळावरील ३० अँपिअरच्या खांबापेक्षा किंचित अधिकच.