विहिरीच्या पाण्यातील फ्लोराइड आणि चमकणारी रसायने

पाणी नितळ दिसले, चवीला बरे लागले, म्हणजे ते पिण्यास निर्धोक, असा समज खेडोपाडी आढळतो. चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांतील काही गावांचा अनुभव मात्र निराळा आहे. तेथील विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आढळले आहे. खडकांतील खनिजांतून ते पाण्यात उतरते व डोळ्यांना दिसत नाही. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास मुलांच्या दातांवर डाग पडतात. प्रमाण फार असल्यास पुढे सांधे आखडतात व हाडे वाकतात. ही हानी भरून येत नाही. म्हणून परीक्षा आधीच व्हावयास हवी.

२०१२ च्या भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड योग्य होय. दुसरे पाणी नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. इतका सूक्ष्म अंश ओळखावयाचा कसा?

फणसाच्या लाकडाचा पिवळा रंग सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या लाकडात मोरिन नावाचे द्रव्य असते. हे द्रव्य अॅल्युमिनियमशी संयोग पावले की जंबुपार किंवा जांभळ्या प्रकाशात हिरवे चमकू लागते. या चमकण्यास अनुस्फुरण म्हणतात. स्विस रसायनशास्त्रज्ञ गोप्पेल्सरोडर यांनी १८६७ मध्ये याच गुणाचा उपयोग अॅल्युमिनियम ओळखण्यासाठी केला. फ्लोराइडाची ओढ अॅल्युमिनियमकडे अधिक असते. अशा चमकणाऱ्या द्रावणात फ्लोराइडयुक्त पाणी घातले तर फ्लोराइड अॅल्युमिनियमला मोरिनपासून हिरावून घेते आणि चमक मंदावते. ती किती मंदावली हे उपकरणाने मोजून फ्लोराइडाचे प्रमाण काढता येते. मात्र पाण्यातील फॉस्फेटही अॅल्युमिनियमला धरून ठेवते व अंदाज चुकवू शकते. यास्तव अशा परीक्षेचा निष्कर्ष प्रयोगशाळेत पडताळून घेणे अगत्याचे आहे.

ग्रामसेवकांनी व शेतकऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत घ्यावा. बाटली त्याच पाण्याने दोन-तीन वेळा विसळावी.

२. बाटलीवर गाव, विहिरीची खूण व दिनांक लिहावा. प्रत्येक विहिरीचा नमुना स्वतंत्र असावा. शेजारच्या दोन विहिरींच्या पाण्यातही फरक असू शकतो.

३. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते.

४. दोष आढळल्यास ते पाणी पिण्यास व स्वयंपाकास वापरू नये. दुसऱ्या तपासलेल्या विहिरीचे किंवा स्वच्छ साठविलेले पावसाचे पाणी वापरावे.

एका बाटलीच्या परीक्षेने एका पिढीची हाडे वाचतात, हे प्रत्येक गावाने लक्षात घ्यावे.